लाल न झालेली जखम

तीस वर्षं कुमुदताईंचे हात सोरायसिसनं लाल होते. कासार बांगड्या हातात न भरता कागदात बांधून द्यायचा. मग नवं इंजेक्शन आलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरेच्या भिंतीला चिकटून त्वचेत शिरतात आणि दाह पेटवतात. इंजेक्शननं त्यांचं चिकटणंच बंद केलं. हात लोण्यासारखे झाले.

मुलीच्या लग्नात कासारानं पहिल्यांदाच त्यांचा हात धरला. एक बांगडी फुटली, मनगटाला खरचटलं.

"वाढवली हो ताई," कासार ओशाळला.

"भरा दुसरी." एवढ्याशासाठी ताई हात सोडवून घेणार नव्हत्या.

पाचव्या दिवशी लेक, रेवती, माहेरी आली तर आई तापानं फणफणलेली.

"लग्नाची दगदग गं! जखम बघ, लालसुद्धा नाही. पूर्वी डास चावला तरी टोमॅटो व्हायचा."

रेवतीनं औषधाचा कागद शोधून वाचला. पेशी जखमेपर्यंत पोचणार नाहीत, लाली येणार नाही, जंतूंचं विष मुकाट रक्तात पसरेल; खरचटल्यास त्याच दिवशी या.

दवाखान्यात ताईंनी आधीच बजावलं, "बांगड्या काढणार नाही हं!"

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग ताईंच्या नकळत रेवतीकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "छान दिसतात."

"बघ!" ताईंनी लेकीला विजयानं कोपर मारलं.