नमुन्याची बाटली

"ताई, ग्लायकॉल गप्प आहे ना?" पाळीचे इंजिनियर खोब्रागडे यांनी विचारलं.

कारखान्यात जुने कपडे ज्या रसायनात विरघळवून नवा पॉलिस्टर धागा काढत, ते ग्लायकॉल शुद्ध करून पुन्हा वापरत. पण ते कपडे पूर्वी घालणाऱ्यांचे आवाज काही केल्या त्यातून जात नसत. म्हणून सुलभा ढोमणे दर पाळीला नमुन्याची बाटली कानाला लावायची. बोलकं ग्लायकॉल जाळून टाकायचं, असा नियम होता.

गेल्या आठवड्यात तिनंच मेलेल्या लेकीचा फ्रॉक गुपचूप टाकीत सोडला होता. तो घरात ठेववत नव्हता, जाळवतही नव्हता.

आज बाटलीतून हाक आली, "आई, कुठंयस गं?"

"गप्प आहे, साहेब," सुलभा म्हणाली.

दिवाळीत गल्लीतल्या पोरी कारखान्याच्या धाग्याचे नवे फ्रॉक घालून खेळायला निघाल्या, आणि खेळ सोडून एकेक जण सुलभाच्या दारात येऊन उभी राहिली.