वाऱ्याच्या तोंडाला

काठी टेकत जंगलातून चाललेला आर्वो तोल्वानेन वाटेत मधेच थांबला आणि त्यानं मान वर केली. त्याची मुलगी कॅरिन चार पावलं पुढं होती. खांद्यावरची पिशवी वाटेवर ठेवून ती नेच्यांत उकिडवी बसली होती आणि एका लांबलचक पिवळ्या गोगलगाईचा फोटो काढत होती.

"कॅरिन, ऊठ. माझ्याकडं ये."

"थांबा हो बाबा. ही बघा केवढी आहे!"

"ये म्हणतो ना!"

पन्नाशीच्या बाईवर बापानं असं ओरडावं याचं तिला हसू आलं. ती उठून आली. खाली वाऱ्याची झुळूकही नव्हती. नेच्याचं पान हलत नव्हतं. पण तीनशे फूट वर रेडवूडच्या झाडांचे शेंडे समुद्रासारखे गाजत होते, आणि त्या गाजण्यात मधूनच एक कोरडा आवाज होत होता. कड्. मग काहीच नाही. मग पुन्हा कड्.

"झाडं करकरतात बाबा. हे मी तुम्हाला सांगायचं? तीस वर्षं झाडं तोडलीत तुम्ही."

"म्हणूनच सांगतोय."

त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला जवळच्या बुंध्याकडं ओढलं. दहा माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा. ती आपसूक आडोशाच्या बाजूला वळली.

"तिकडं नाही! इकडं, वाऱ्याच्या तोंडाला. फांदी तुटली की वाऱ्याबरोबर पलीकडं जाते. पाठ चिकटव. डोकं सालीला लाव."

"माझी पिशवी राहिली तिथं."

"राहू दे."

"दोन पावलांवर तर आहे, बाबा, तुम्ही पण ना..."

जमिनीनं खालून धक्का दिला. आवाज त्यानंतर आला. दोघांवर सालीची भुकटी, काटक्या, हिरव्या डहाळ्या किती तरी वेळ पडत राहिल्या. कॅरिननं डोळे उघडले तेव्हा वाटेच्या मधोमध एक फांदी उभी होती. फांदी कसली, एक अख्खं झाडच. मेखेसारखी जमिनीत घुसली होती. पिशवी कुठं दिसत नव्हती.

मग ती एकदम पळत सुटली. आर्वोनं तिची कॉलर मागून पकडली.

"पळायचं नाही. एक पडली की वर आणखी दोन लटकलेल्या असतात. तुझा ऐनोमामा दुसरीखाली गेला. पहिली चुकली म्हणून हसत उभा होता."

गाडी तीनशे पावलांवर होती. तिथवर सगळी अशीच झाडं.

आर्वो डोळे मिटून ऐकत राहिला. वारा जरा पडला तसा तो म्हणाला, "चल." दोघं पुढच्या झाडापर्यंत गेली आणि पाठ लावून उभी राहिली. पुन्हा थांबणं, पुन्हा ऐकणं. "चल." काठी त्यानं कधीच टाकून दिली होती. सातव्या झाडाशी कॅरिनच्या ध्यानात आलं, आपल्या हातातला त्याचा हात थरथरतोय. दमले असतील, असं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं. म्हाताऱ्याचे दात वाजत होते.

"बाबा, तुम्हाला भीती वाटतेय?"

"मग काय वाटणार?"

"नाही, म्हणजे, तुम्ही तर इतकी वर्षं..."

"रोज वाटायची," तो म्हणाला. "सकाळी डबा हातात घेतला की सुरू. तुझ्या आईला कधी कळू दिलं नाही. आता गप्प बस. ऐकू दे मला."

मागं, मघाशी सोडलेल्या एका झाडापाशी, जमीन पुन्हा हादरली. या वेळी दोघांनीही मागं पाहिलं नाही.

गाडीत बसल्यावर त्याला पट्टा लावता येईना. कॅरिननं वाकून लावला. तिच्या हातातली किल्ली भोकात जात नव्हती.

तेवढ्यात शेजारी एक गाडी येऊन थांबली. एक तरुण जोडपं उतरलं. बाईनं छातीशी तान्हं बांधलं होतं.

कॅरिननं काच खाली केली. "आत जाऊ नका! फांद्या पडतायत!"

नवऱ्यानं झाडांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "ताई, पाच तास गाडी हाकत आलोय आम्ही. इथं तर पानसुद्धा हलत नाहीये."

"आणि हजार-दीड हजार वर्षं उभी आहेत ही," बाई हसून म्हणाली. "मुद्दाम आमच्याच डोक्यावर बरी पडतील!"

दोघं वाटेकडं निघाली.

आर्वोनं पट्टा सोडायला घेतला. दोनदा बोटं घसरली, तिसऱ्यांदा सुटला.

"बाबा, कुठं निघालात? बसा ना! बाबा!"

तो उतरला. धडपडत, गाडीच्या टपाचा आधार घेत तो त्या दोघांना मागं टाकून पुढं गेला. वाट जिथं झाडांत शिरते तिथं, पहिल्या दोन बुंध्यांच्या मधे तो वळून उभा राहिला, आणि त्यानं दोन्ही हात पसरले.

"ओ आजोबा, बाजूला व्हा," नवरा म्हणाला. "काय चाललंय हे?"

आर्वोला बोलता येत नव्हतं, दात वाजत होते. कॅरिनला गाडीतून दिसत होतं, त्याच्या पँटच्या पुढच्या बाजूला एक ओला डाग पसरत चालला होता. हात मात्र त्यानं खाली घेतले नाहीत.

नवरा आणखी काही बोलणार होता. बाईनं त्याची बाही धरली. ती हसायची थांबली होती. तिनं बाळाच्या टाळूवर तळहात ठेवला आणि वर पाहिलं.