शेवटच्या पानावरची गणितं

सतरावा पेपरही तसाच निघाला. एक्स अधिक पाच, कंसाचा वर्ग. आणि पुढं एक्स वर्ग अधिक पंचवीस. मधलं दहा एक्स गायब.

प्रभावतीबाईंना आधी गंमत वाटली. नववीची पोरं त्या चुकांवरून ओळखत, नाव बघायची गरजच पडत नसे. बरोबरच्या चिन्हापलीकडं जाताना वजाचं अधिक करायला विसरली, की ती संयोगिता. वर-खाली एक्स दिसला की खुशाल उडवून मोकळा झाला, तो वीरधवल. आज मात्र कुणीच ओळखू येईना. एकतीस पोरांनी मिळून एकच चूक केली होती.

जानेवारीची दुपार होती. वर्ग खेळाच्या तासाला मैदानात गेला होता. घरच्या रिवाजाप्रमाणे अंधार पडायच्या आत घरी पोचून जेवायचं असे, म्हणून बाई पेपर शाळेतच तपासत. खिडकीबाहेर उसाला तुरे आले होते. गुऱ्हाळाचा गोड वास येत होता, लांबून कुणीतरी ‘खो’ म्हणून ओरडत होतं, आणि फळ्यापुढच्या उन्हात खडूची पूड खाली न बसता नुसती तरंगत होती. बाईंना वाटलं, आपणही जरा तसंच तरंगतोय.

शेवटचा पेपर संयोगिताचा. तिनं दहा एक्स लिहिलं होतं, आणि मग पट्टी धरून एक रेघ मारून खोडलं होतं.

बाईंनी खिडकीतून तिला हाक मारली. ती धापा टाकत आली. एक वेणी सुटलेली, पाय मातीनं भरलेले.

“हे का खोडलंस गं? बरोबर होतं की.”

संयोगिता पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. “फळ्यावर न्हवतं, बाई.”

“कुठल्या फळ्यावर?”

“ह्याच. सोमवारी तुमी लिव्हलं तवा मधलं पद न्हवतं.”

बाई हसल्या. काहीतरीच बोलते पोरगी. मग त्या सोमवार आठवायला लागल्या. डोळे मिटून बसल्या. रविवार आठवला, मंगळवार आठवला. सोमवार काही केल्या येईना.

“मग कुणी बोललं का नाही?”

“मागच्या चाचणीत रविराजच्या बरोबर उत्तराला तुमी फुली मारली हुती. त्यानं येऊन दाखवलं, तर तुमी दिवसभर कुणाशी बोलला न्हाई. डबा पण खाल्ला न्हाई. मग आमी ठरवलं. फळ्यावर आसंल तसंच लिव्हायचं.” आणि मग घाईघाईनं म्हणाली, “पुढच्या वर्षी बोर्डाला बरोबरच लिव्हणार, बाई. आमाला येतंय ते.”

बाईंना भीती वाटली. पायाखालची फरशी हलल्यासारखी भीती. आणि त्या भीतीतही या एकतीस पोरांचा फार लोभ वाटला.

“आणखी काय काय चुकलंय माझं?” त्यांनी विचारलं.

संयोगितानं बाकावरच्या दप्तरातून वही आणली आणि शेवटचं पान उघडलं. मधोमध उभी रेघ. डाव्या खान्यावर ‘बाई’, उजव्यावर ‘बरोबर’. पहिली तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची होती. पान जवळजवळ भरलं होतं.

“मधल्या सुट्टीत सगळी ह्यातनं उतरून घेत्यात,” ती म्हणाली.

अक्षर फिकट होतं. “पेन्सिलनं का लिहिलंस?”

“तुमी बऱ्या झाला की खोडायचं हुतं.”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पान वाचायला घेतलं. एकेक ओळ. आपलंच चुकलेलं, आणि शेजारी पोरीनं सुधारलेलं. वाचता वाचता त्यांचं पेन एका जागी आपोआप थांबलं. चार एक्स वजा सात बरोबर तेरा. बाईंच्या खान्यात उत्तर सोळा. संयोगिताच्या खान्यात दीड.

बाईंनी दीडभोवती लाल गोल केला.

“वजा सात पलीकडं गेलं की काय होतं?”

“अधिक...” संयोगितानं जीभ चावली. “उत्तर पाच, बाई.”

“पाच. किती वेळा सांगायचं तुला?”

दोघी हसल्या. त्या दुपारी बाईंनी पहिल्यांदाच चुकीवरून पोर ओळखली होती. मैदानावरचा आवाज आता जवळ येत होता. तास संपत आला होता.

“हेडसरांना मी उद्या सांगणार आहे,” बाई म्हणाल्या. “माझं मीच सांगणार. तुम्ही कुणी काही बोलायचं नाही.”

संयोगिताचं हसू गेलं. “मग तुमाला घरी बसवतील?”

“बसवतील कदाचित. तोवर तू पहिल्या बाकावर बस. फळ्यावर माझं चुकलं की तिथल्या तिथं हात वर करायचा. आणि मी गप्प झाले तरी करायचा.” त्यांनी आपलं निळं पेन तिच्यापुढं धरलं. “आणि हे पान पेननं गिरव. सगळं.”

संयोगिता त्यांच्याशेजारीच बाकावर बसली. आधी दीड खोडून तिथं पाच लिहिलं. मग उजवा खाना वरपासून खालपर्यंत पेननं नीट गिरवला.

डाव्या, ‘बाई’ लिहिलेल्या खान्याशी आल्यावर तिचा हात थांबला. तिनं पेनचं टोपण लावलं, आणि कंपासपेटीत खोडरबर शोधायला लागली.