यानावरचे डॉक्टर

अंतराळयानाच्या मालिकेत तिच्या बाबांनी वर्षानुवर्षं यानावरच्या डॉक्टरचं काम केलं. पुढे वाहिनीने मालिकेच्या सगळ्या टेप पुसून त्यांवर क्रिकेटचे सामने भरले. मग मालिकेची कादंबरी निघाली आणि अंथरुणाला खिळलेल्या बाबांचा जीव त्या पेपरबॅकमध्ये अडकला. ती रोज वाचून दाखवायची. निम्मं पुस्तक सरलं तरी डॉक्टर येईना. बाबांची वाक्यं कप्तानाच्या तोंडी येऊ लागली. तिने लेखकाला फोन लावला. "पानं वाढत होती हो," तो ओशाळला. "एक माणूस कमी करावा लागला." तिने बाबांना कसंबसं सांगितलं. "शेवटच्या भागात कप्तान माझ्या मांडीवर मेला होता," ते म्हणाले. "आता कोणाजवळ मरतो, बघ." तिने शेवटचं पान उघडलं. खोटं जिभेवर आलं, पण बाबांची नजर तिच्यावरच होती. "एकटाच मरतो, बाबा." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.