मास्तर ड्रिल घेतात

"लाकडाला पाहिजे की भिंतीला?" दुकानदारानं विचारलं.

"भिंतीला," मास्तर म्हणाले. "विटांच्या."

एवढी दोन वाक्यं बोलण्यासाठी त्यांनी समोरच्या फुटपाथवर वीस मिनिटं तयारी केली होती. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. नोकरीत खडूपेक्षा जड हत्यार हातात धरायची वेळ आली नव्हती, आणि या दुकानाची पायरी तर ते आज पहिल्यांदाच चढले होते. आत छतापर्यंत हत्यारं टांगलेली. तेलाचा आणि नव्या लोखंडाचा वास. वडिलांच्या कारखान्यातल्या कपड्यांना असाच वास यायचा. मास्तरांनी तो जरा जास्तच वेळ छातीत धरून ठेवला.

दुकानदारानं काउंटरवर तीन कॉर्डलेस ड्रिल मशीनं मांडली. "हे बारा व्होल्टचं. फोटो टांगायला ठीक आहे. हे अठराचं. आणि हे वीसचं, हॅमरवालं. फिरतं आणि ठोकतंही. सोबत दोन बॅटऱ्या. एक चार्जिंगला लावायची, एक कामाला."

"मास्तर, वीसचंच घ्या," स्टुलावर बसलेला प्लंबर म्हणाला. तो मघापासून डब्यात वायसर शोधत होता. "बारावालं म्हणजे भिंतीला गुदगुल्या."

"भिंत कुठली आहे?" दुकानदारानं बॅटरी बसवता बसवता विचारलं.

"घरातलीच. मधोमध. आम्हा दोघा भावांच्या मधली." मास्तरांनी चष्मा सारखा केला. "घराची दुरुस्ती काढलीय. म्हटलं, सुरुवात तिच्यापासून करावी."

"भावाला विचारलंत?" प्लंबर म्हणाला.

"अकरा वर्षं बोलणं नाही आमचं."

प्लंबरनं वायसरचा डबा खाली ठेवला. दुसऱ्याच्या घरचं भांडण आयतं ऐकायला मिळत असेल तर नळ थोडा वेळ गळला म्हणून काही बिघडत नाही. "जागेवरून?"

"गिरमिटावरून."

ते वडिलांचं गिरमिट होतं. लाकडाला भोक पाडायचं, हातानं फिरवायचं. रविवारी वडील फळीवर पेन्सिलीनं फुली मारून द्यायचे. धाकटा वरून छाती टेकवून दाबायचा आणि मोठा दांडी फिरवायचा. भुसा पडायचा, घाम यायचा, एकमेकांना शिव्या दिल्या जायच्या. आणि एकदा भोक आरपार गेलं की फळी उभी धरून एक इकडून, एक तिकडून, दोघे एकमेकांचा डोळा बघायचे. तेवढ्यासाठीच ते भोकं पाडत. घरात त्या काळी एकही फळी धड राहिली नव्हती.

पुढे घराच्या वाटण्या अगदी शिस्तीत झाल्या. चमचेसुद्धा मोजून. गिरमिट मात्र एकच होतं.

"मग मिळालं कोणाला?" प्लंबरला राहवेना.

"मला," मास्तर म्हणाले. "एकट्याला चालत नाही ते."

दुकानदार फडक्यानं काउंटर पुसत होता. पुसलेलाच भाग त्यानं पुन्हा पुसला.

"आणि भोक पडल्यावर तो पलीकडून ओरडला तर?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"ओरडू दे की. निदान आवाज तरी ऐकू येईल." मास्तर थांबले. "रोज सकाळी सातला पलीकडे रेडिओ लागतो. मागच्या महिन्यात आठ दिवस लागला नाही. आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. नवव्या दिवशी लागला. काय झालं होतं, विचारणार कोणाला?"

"ताप असेल," दुकानदार म्हणाला. "तापात रेडिओ सोसत नाही."

"शेठ, डॉक्टरकी कधीपासून?" प्लंबर हसला.

दुकानदार हसला नाही. त्यानं हत्यारांची पेटी उघडली. विटांना भोकं पाडायची बिटं वेगळी, लाकडाची वेगळी, पाने, पक्कड, टेप, दोन छिन्न्या. "नुसत्या मशीननं भिंत पडत नाही. विटांच्या सांध्यात ओळीनं भोकं पाडायची, मग छिन्नी लावायची. एकेक वीट सुटत जाते. घाई केली तर सगळंच अंगावर येतं."

"वर भार असेल तर?" प्लंबरनं शंका काढली.

"त्या भिंतीवर भार नाही. मागून घातलेल्या भिंतीवर कसला भार?"

त्यानं न विचारताच मशीनची बाजूची मूठ काढली, उलट्या अंगाला बसवली आणि मशीन डावखुऱ्या मास्तरांच्या डाव्या हातात दिलं. मास्तरांनी खटका दाबला. मशीन एवढ्या जोरात गुरगुरलं की त्यांनी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. मग हळूच पुन्हा दाबलं. या वेळी त्यांचा चेहरा फळीच्या भोकातून बघणाऱ्या पोरासारखा झाला.

"हेच द्या," मास्तर म्हणाले. "पेटीसकट."

"पण मास्तर, खरं सांगा," प्लंबर म्हणाला. "त्याला ती भिंत हवीच असेल तर?"

मास्तरांनी मशीन काउंटरवर ठेवलं.

"तर ते भोक बुजवायचं," ते म्हणाले. "आणि राहिलेली वर्षं रेडिओ ऐकायचा."

दुकानदारानं मशीन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि पेटी आपल्याकडे ओढली.

"हे मी तुम्हाला देणार नाही."

मास्तरांनी नुसती मान हलवली, छत्री उचलली आणि पायरीकडे वळले. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर आलं नाही की तो जसा खाली बसे, तसे.

"अहो शेठ, गिऱ्हाईक आहे! काय लावलंय हे?" प्लंबर उभाच राहिला.

दुकानदार काउंटरला वळसा घालून बाहेर आला. पेटी त्याच्याच हातात होती. दुसऱ्या हातानं तो शटर ओढण्याची सळई शोधत होता, आणि रोजच्या जागेवर असूनही ती त्याला सापडत नव्हती.

"तुझ्या बाजूला प्लास्टर आहे, दादा," तो म्हणाला. "माझ्याकडे नुसत्या विटा आहेत. माझ्या बाजूनं फोडू."