गौरीजेवणातून सुट्टी

"आई, मी बाहेरची झालेय," गौरीजेवणाच्या सकाळी विभानं भर स्वयंपाकघरात जाहीर केलं आणि पुरणाच्या पातेल्यापासून चार हात लांब उभी राहिली.

आईच्या हातातला झारा थांबला. विभाला जन्मतःच दोनाऐवजी एकच एक्स गुणसूत्र होतं. चौतिशी आली, पण पाळी म्हणून कधी आली नव्हती. हे दोघींनाच ठाऊक. नातेवाइकांना आई ठणकावून सांगे, "आमच्या विभाचं दर सणाआधी बरोब्बर उरकतं!" साहजिकच दर गौरीला पुरणपोळ्या विभाच्या गळ्यात. यंदा मात्र पुण्यात तिच्यासारख्याच बायकांचा पहिला मेळावा होता, आणि "सण टाकून कसली जातेस?" म्हणून आईनं कालच तो उडवून लावला होता.

"अगंबाई! शिवू नकोस हो कशाला," काकूंनी पदर आवरला. "आजच बरी झालीस!"

आईनं तोंड उघडलं. खरं बोलावं, तर वीस वर्षांची थाप उघडी पडणार. "होतं एखाद्या वेळी मागंपुढं," ती म्हणाली आणि लाटणं काकूंच्या हाती दिलं.

विभा फाटकाशी पोचते तोच आई करंज्यांचा डबा घेऊन धावत आली.

"अगं आई, अजून नैवेद्य व्हायचाय!"

"गौरी माहेरवाशिणी आहेत, घेतील समजून. तिकडे सगळ्यांना दे." आईनं मागं पाहून आवाज खाली आणला. "आणि त्यांच्या आया लोकांना काय सांगतात गं, तेवढं विचारून ये."