तीन किलो उलटी

जोतीराम त्याच दुपारी निर्दोष सुटला. पण हे आपल्याला अजून माहीत नाही, कारण पोलीस ठाण्यातल्या साहेबांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या टेबलावर तीन किलोचं राखाडी ढेकूळ होतं. पंचनाम्यात लिहिलं होतं : व्हेल माशाची उलटी, किंमत तीन कोटी. शिक्षा सात वर्षं.

"गूळ हाय त्यो, साहेब. कोडोलीला आमचं गुऱ्हाळ हाय. बहिणीच्या म्हशीला घालाय उचगावला निघालतो."

साहेबांनी हवालदाराकडं पाहिलं. हवालदारानं एसटी स्टँडवर ऐकलेला जोतीरामचा फोन वहीतून वाचला. "'उलटी झालीया. तीन किलो घेऊन येतोय. आबास्नी कळू देऊ नगंस.'"

"पाकाची काहील उलटी झाली म्हणालतो की. माझ्याच हातनं. सगळा पाक राखंत गेला."

"काहील ऐकू आली नाही," हवालदार म्हणाला.

साहेबांनी तापलेली सुई ढेकळात खुपसली. काळा चिकट धागा निघाला. व्हेलची उलटी अशीच वितळते, असं मोबाईलवर होतं. गूळही असाच वितळतो, हे मोबाईलवर नव्हतं.

"गोड वास येतोय बघा."

"येणारच. अत्तरात घालतात."

"समुद्र कुठं, कोडोली कुठं, साहेब."

"म्हणूनच दुर्मीळ."

जोतीरामनं ढेकळाकडं बोट केलं. "चाटून बघा की."

साहेबांनी विचार केला. गूळ निघाला तर ठीक. नाही निघाला तर? हवालदार खिडकीबाहेर बघू लागला.

"मग मी चाटतो."

"पुरावा नष्ट केल्याचं कलम वाढेल."

पुढं गेलेला हात मागं आला.

तेवढ्यात खिडकीतून एक मुंगी आली. ढेकळापाशी थांबली. परत गेली. पाच मिनिटांनी भिंतीवरून रांग उतरली, पंचनामा ओलांडून थेट ढेकळावर चढली. साहेबांनी एक मुंगी झटकली. ती पुन्हा रांगेत लागली.

"मुंगी व्हेल खाती व्हय, साहेब?"

साहेबांनी पेन उघडलं. 'राखमिश्रित गूळ' असं लिहिलं आणि तीन कोटी खोडायला घेतले.

"थांबा," जोतीराम दचकून म्हणाला. "एक कोरा कागद द्या."

त्यानं उभ्याउभ्याच अर्ज लिहिला : 'अर्जदारास निर्दोष सोडावे. मात्र सांडलेल्या पाकाचा हिशेब वडील आबांस देणे असल्याने किंमत रुपये तीन कोटी तशीच ठेवून पंचनाम्याची शिक्क्यासह एक प्रत मिळावी, ही नम्र विनंती.'